बर्फावरची सही

बर्फाशी आमच्या वडनेरच्या माणसाचा संबंध आयुष्यात तीनदाच येतो. पहिला लहानपणी, काडीला लावलेल्या लालभडक गोळ्याच्या रूपाने. दुसरा लग्नात, मांडवामागच्या पाण्याच्या टाकीत सोडलेल्या लादीच्या रूपाने. तिसरा संबंध येतो तेव्हा त्याची मजा घ्यायला आपण नसतो; मुलगा पुण्याहून येईपर्यंत मंडळींनी आपल्याभोवती लाद्या रचून ठेवलेल्या असतात. या तिन्ही प्रसंगी बर्फ बाहेरगावाहून गोणपाटात गुंडाळून येतो आणि येईपर्यंत निम्मा होतो. पूर्ण, अखंड, न वितळलेला बर्फ वडनेरच्या माणसाने पाहिला असेल तर तो कॅलेंडरवर.

वडनेर म्हणजे वर्धा जिल्ह्यातलं, हिंगणघाट तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि कुलूप उघडताना किल्लीचा चटका बसतो. 'हिवाळी' हा शब्द आम्हाला ठाऊक नाही असं नाही; पण आमच्या विदर्भात 'हिवाळी' या शब्दापुढे 'अधिवेशन' हा एकच शब्द येतो. नागपूरचं ते अधिवेशन हाही एक हिवाळी खेळच आहे, असं काही लोक म्हणतात. अस्मादिक बँकेत नोकरीला असल्यामुळे या विषयावर मत देत नाहीत.

असा हा माणूस हिवाळी ऑलिम्पिकच्या बोधचिन्हाबद्दल चार पानं लिहायला बसतो म्हणजे उन्हाचा परिणाम असावा, असं तुम्ही म्हणाल. पण दोष उन्हाचा नाही, आमच्या कन्येचा आहे.

२०२१ सालचा मार्च महिना. करोनाने सगळ्यांना घरात कोंडलेलं. कन्येने माझ्या नाकासमोर मोबाईल धरला. त्यात दोन चिन्हं होती.

"बाबा, यातलं कोणतं छान आहे?"

"कशासाठी?"

"२०२६ ला इटलीत हिवाळी ऑलिम्पिक आहे. मिलान आणि कोर्तिना. त्याचं बोधचिन्ह जगातल्या लोकांनी निवडायचंय."

"जगातल्या?"

"हो. म्हणजे त्यात आपणही आलो."

आपण जगात येतो ही गोष्ट मी इतकी वर्षं कागदोपत्री मान्य करत आलो होतो, पण त्याचा असा प्रत्यक्ष पुरावा कधी मिळाला नव्हता. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "इटलीवाले वडनेरला विचारतात! आणि घराला रंग कोणता द्यायचा हे मला कुणी विचारलं नाही." मी तत्परतेने मोबाईलमध्ये डोकं घातलं.

एका चिन्हाचं नाव 'दादो' आणि दुसऱ्याचं 'फुतुरा'. फुतुरा म्हणजे एका पांढऱ्या रेघेत काढलेला '२६' हा आकडा. धुकं धरलेल्या काचेवर पोरं बोटाने काढतात ना, तसा. कन्येने त्याला मत दिलं. ऑलिम्पिकच्या इतिहासात बोधचिन्ह जनतेच्या मताने ठरवण्याची ती पहिलीच वेळ होती. १६९ देशांतून आठ लाख एकाहत्तर हजारांहून अधिक मतं पडली, आणि ३० मार्चला निकाल लागला: फुतुरा, पंचाहत्तर टक्क्यांनी. त्यात वडनेरचं एक. कन्या इतकी खूश झाली की जणू ते चिन्ह तिनेच काढलं होतं.

मला मात्र त्या रात्री झोप लागेना. ज्या बर्फावर आमच्या सात पिढ्यांनी पाय ठेवला नाही, त्याची खूण कोणती असावी हे सांगण्याचा आम्हाला अधिकार काय? आणि त्याहून मोठा प्रश्न. सगळ्यांच्या वतीने एक खूण काढायची, आणि ती सगळ्यांची म्हणून मिरवायची, हा अधिकार कुणालाही कसा मिळतो? सौभाग्यवती म्हणाल्या, "झोपा आता, उद्या बँकेत जायचंय." पण प्रश्न बँकेचाच होता. ते कसं, ते सांगतो.

त्याआधी बोधचिन्ह कसं तयार होतं याचा आमच्याकडचा अनुभव ऐका. आमच्या भागातल्या एका मंडळाचा रौप्यमहोत्सव होता आणि बोधचिन्हासाठी समिती नेमली होती. बँकेतला माणूस म्हणजे त्याला सगळं येतं, या गैरसमजातून मलाही घेतलं. पहिले सभासद म्हणाले, कापसाचं बोंड पाहिजे. दुसरे म्हणाले, बोंडाला आता भाव कुठे आहे, सोयाबीन घ्या. तिसऱ्यांना बैलजोडी हवी होती. चौथ्यांनी ट्रॅक्टर घेतला होता, त्यांना ट्रॅक्टर हवा होता. एका गुरुजींनी उघडं पुस्तक आणि पेटता दिवा सुचवला. दिवा पुस्तकाच्या फार जवळ आहे, पेट घेईल, अशी शंका निघाली. खजिनदारांनी खाली वर्गणीदारांची नावं बारीक अक्षरात घालावीत असं सांगितलं. शेवटी कुणाचंच मन मोडायचं नाही असं ठरलं आणि ट्रॉल्यांच्या मागे 'आई-वडिलांची पुण्याई' लिहिणाऱ्या पेंटरने ते सगळं एका वर्तुळात बसवलं. उद्घाटनाला एका लहान मुलाने ते पाहून विचारलं, "इथं किराणा दुकान निघून राह्यलं का?"

त्यातून मला एक कळलं. चिन्ह काढायचं म्हणजे एक गोष्ट घ्यायची आणि नव्याण्णव सोडायच्या. घेणं सोपं आहे. सोडलेल्या नव्याण्णवांना तोंड देणं अवघड.

आंतरराष्ट्रीय मंडळींना हे आपल्यापेक्षा बरं जमतं. हिवाळी ऑलिम्पिक सुरू झालं ते फ्रान्समधल्या शामोनी गावात, १९२४ साली. तेव्हा त्याला नावसुद्धा नुसतं हिवाळी क्रीडा सप्ताह असं होतं. ऑलिम्पिक हे बिरुद मागाहून चिकटवलं. पुढे चिन्हांची चढाओढ लागली. १९७२ साली साप्पोरोला, म्हणजे आशियात पहिल्यांदा, हे खेळ झाले. तिथल्या चिन्हात काझुमासा नागाई यांनी उगवता सूर्य, हिमकण आणि पाच वर्तुळं एकाखाली एक मांडली, बस्स. २०२२ च्या बीजिंगला तर त्यांनी 'हिवाळा' या अर्थाचं चिनी अक्षरच घेतलं आणि त्याला खेळाडूची ऐट दिली. नॉर्वेत लिलेहामरला १९९४ साली वेगवेगळ्या खेळांच्या खुणा काढायच्या होत्या, तेव्हा त्यांनी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी खडकावर कोरलेल्या माणसाकडून त्या उसन्या घेतल्या. तो पायाला लांब फळ्या बांधून बर्फावरून निघाला होता. त्याला बिचाऱ्याला स्पर्धा माहीत नव्हती. घरी वेळेवर पोचणं एवढंच त्याचं पदक.

आपल्याकडेही अशी एक गोष्ट झाली, आणि तीही माझ्या धंद्यातली. रुपयाचं चिन्ह. डी. उदयकुमार हे तेव्हा पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. स्पर्धेला हजारो चित्रं आली आणि १५ जुलै २०१० रोजी त्यांचं निवडलं गेलं. देवनागरी 'र', त्यात रोमन 'आर'ही दिसतो, आणि वर दोन आडव्या रेघा. त्याआधी आम्ही 'रु.' लिहून पुढे टिंब द्यायचो. नवीन चिन्ह आल्यावर आमच्या एका खातेदाराने पासबुक उलटंसुलटं करून विचारलं, "चिन्ह लय झकास आहे साहेब. पण आकडा तोच आहे ना?" मी म्हटलं, तोच आहे. "मग असू द्या," म्हणाला. चिन्हाबद्दलची इतकी मर्मग्राही समीक्षा मी अन्यत्र ऐकलेली नाही.

कारण चिन्ह कितीही देखणं असलं तरी त्याच्या मागे काय उभं आहे, हा प्रश्न शेवटी येतोच. नोटेवर चित्रं पुष्कळ असतात, पण नोट चालते ती गव्हर्नरसाहेबांनी दिलेल्या वचनावर आणि त्याखालच्या सहीवर.

आता बँकेकडे वळू. कॉमर्सचा पदवीधर म्हणून मी नोकरीला लागलो तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर पैसे मोजायचे. प्रत्यक्षात आयुष्य गेलं खुणा ताडून पाहण्यात. ही सही त्या नमुना सहीसारखी आहे का? एखाद्याने खातं उघडलं तेव्हा तो विशीत होता. सहीला वेलांट्या होत्या, शेपटी होती, शेपटीला फूल होतं. आता तो साठीला टेकला, शेपटी गळून पडली, हात थरथरतो. माणूस तोच, खूण बदलली. उलट कधी कधी सही इतकी तंतोतंत जुळते की मला संशय येतो. खऱ्या माणसाची सही दोनदा सारखी येत नाही, नक्कल करणाऱ्याची येते. हे तत्त्वज्ञान मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

आणि सह्यांच्या पलीकडे असतो अंगठा. 'निशाणी डावा अंगठा.' जगातलं हे एकमेव बोधचिन्ह असं आहे की ज्याला समिती लागत नाही, स्पर्धा लागत नाही, मतदान लागत नाही. आईच्या पोटातच ते तयार होतं आणि दुसऱ्या कुणाचं तसं नसतं. मी तर म्हणत असे की सगळ्या बोधचिन्हांचा राजा हा.

पण आता अंगठा यंत्रावर ठेवावा लागतो. आणि एकदा एक म्हातारी मजूर बाई आपल्या पगाराचे पैसे काढायला आली. अंगठा ठेवला, यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला, जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, दाही बोटं झाली. बाईने जन्मभर कापूस वेचला होता. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी असतात. वेचताना ती बोटात घुसतात. त्यात निंदण, त्यात विटा वाहणं. देवाने दिलेल्या रेघा कामाने पुसून टाकल्या होत्या. मागे रांग कुरकुरत होती. बाई माझ्याकडे बघून म्हणाली,

"मी इथंच उभी आहो ना बाबू! अंगठा नाही दिसत, त मले पाय ना."

याला उत्तर काय देणार? माणूस समोर उभा आहे आणि त्याची खूण नाही म्हणून तो तो नाही, असं आम्ही म्हणत होतो. शेवटी जुन्या पद्धतीने पावती भरली, फोटो ताडला, ओळखीचा साक्षीदार बोलावला, शाईचा अंगठा घेतला. कागदावर नुसता निळा डाग उमटला. पैसे मिळाले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि २०२१ च्या त्या रात्री, फुतुरावरून विचार करता करता, ते पुन्हा वर आलं.

कारण जगात याच्या बरोब्बर उलटंही घडतं. खूण असते आणि माणूस नसतो.

२०१० चं हिवाळी ऑलिम्पिक कॅनडात व्हँकूव्हरला झालं. त्याचं बोधचिन्ह २००५ च्या एप्रिलमध्ये, सोळाशेहून अधिक चित्रांतून निवडून, जाहीर झालं. रंगीत दगड एकावर एक रचून केलेला, हात पसरून उभा असलेला माणूस. नाव 'इलानाक', म्हणजे मित्र. दिसायला फार गोड. कल्पना घेतली होती उत्तरेकडच्या इन्युइट लोकांच्या 'इनुकशुक'वरून. ते लोक ओसाड बर्फाळ प्रदेशात दगड रचून खूण करतात: वाट इकडे आहे, इथे खाद्य पुरून ठेवलं आहे, शिकार या बाजूने जाते. आपल्याकडे धुऱ्याचा दगड असतो ना, तशी मामुली पण जिवाची गोष्ट. धुऱ्याचा दगड वीतभर सरकला तर दोन पिढ्या कोर्टात जातात. तिथे दगड चुकला तर माणूस बर्फात जातो.

चिन्ह जाहीर झालं आणि कुरबूर सुरू झाली. इन्युइटांच्या नुनावुत प्रदेशाचे माजी आयुक्त पीटर इर्निक म्हणाले की डोकं आणि हातपाय असलेली आकृती म्हणजे इनुकशुक नव्हेच. माणसासारख्या रचनेला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे. शिवाय व्हँकूव्हर पार दक्षिणेला. ज्या मूळ जमातींच्या भूमीवर हे खेळ व्हायचे होते त्यांची स्वतःची चित्रकला होती, लाकडात कोरलेले भव्य खांब होते, आणि चिन्ह घेतलं ते हजारो किलोमीटर लांबच्यांचं. नागपूरच्या समारंभाला कोकणातली होडी चिन्ह म्हणून घ्यावी आणि म्हणावं, 'महाराष्ट्रच आहे ना शेवटी!' तसं झालं. दुसरीकडे, आपली खूण जगासमोर गेली म्हणून आनंद झालेलेही इन्युइट होते. नुनावुतच्या झेंड्यावर १९९९ पासून इनुकशुकच आहे. तो मात्र त्यांचा त्यांनी लावलेला.

आता हे चित्र काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं कुणीच म्हणणार नाही. 'मित्र' असंच तर नाव ठेवलं. पण बँकेत आम्हाला एक साधी गोष्ट शिकवतात: दुसऱ्याच्या वतीने सही करायची असेल तर मुखत्यारपत्र लागतं. हेतू चांगला होता, अक्षर सुरेख होतं, रक्कमही बरोबर होती, हे सगळं ठीक. पण मुखत्यारपत्र कुठे आहे?

इथे तुम्ही मला अडवाल. म्हणाल, असं असेल तर मग ज्याने बर्फ पाहिला त्यानेच बर्फ काढावा, आणि तुमच्या कन्येने मत देऊ नये. मीही पहिल्यांदा याच निष्कर्षाला आलो होतो आणि झोपायला मोकळा झालो होतो. पण मग लक्षात आलं, हे फारच महाग पडेल. या न्यायाने पंढरपूरच्या वाटेवरची निम्मी मंडळी घरी पाठवावी लागतील. देव पाहिल्याचा दाखला कुणाकडे आहे? कोळशाच्या खाणीत न उतरलेल्या माणसाने खाणकामगाराची गोष्ट लिहू नये, आणि मुलगी न झालेल्या बापाने सासरी जाणाऱ्या लेकीचं गाणं रचू नये. माणसाला दुसऱ्याच्या गोष्टीची कल्पना करता येते, हाच तर त्याचा मोठेपणा. तेव्हा 'पाहिलं पाहिजे' ही अट नव्हे.

मग मतदान? सगळ्यांना विचारलं की प्रश्न मिटला? निवडणुकीच्या कामाला जन्मात एकदा तरी जुंपला गेलेला प्रत्येक बँक कर्मचारी सांगेल की मतदानाने प्रश्न सुटत नाहीत, ते कोणी सोडवायचे एवढंच ठरतं. इटलीवाल्यांनी वडनेरला विचारलं ही त्यांची मोठी माणुसकी. पण दोन चिन्हं आमच्यापुढे आली ती आधीच कुणीतरी निवडलेली. आणि कोर्तिनाच्या डोंगरात पहाटे उठून दारातलं बर्फ फावड्याने ओढणाऱ्या माणसाचं मत आणि पंख्याखाली बसलेल्या आमच्या कन्येचं मत, दोन्हींचं वजन एकच. लोकशाहीत हे बरोबर आहे. न्यायात बरोबर आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या गुंत्यातून मला थोडी वाट दिसली ती आमच्याच भागात. आमच्या वर्धा-नागपूर पट्ट्याने चिन्हापायी तुरुंग पाहिलेला आहे. १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारची बंदी होती. लोक रोज जायचे आणि रोज पकडले जायचे. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यात तुरुंगात गेले, विनोबा गेले. त्या झेंड्याचं रेखाटन कसं होतं, रंगसंगती साधली होती का, असं कुणी विचारलं नाही. एक कापडाचा तुकडा हातात धरणाऱ्याच्या जोरावर झेंडा झाला.

आणि मग १९४७ साली, २२ जुलैला, घटना समितीने झेंडा नक्की केला तेव्हा त्यातला चरखा गेला आणि अशोकाचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. एक कारण नेहरूंनी असं सांगितलं की झेंडा दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. पुरा चरखा एका बाजूने सरळ दिसला तर दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. चित्रकार म्हणेल, बरोबर आहे. पण गांधीजींना ते लागलं. ज्यांनी सेवाग्रामच्या झोपडीत बसून सूत काढलं, त्यांना चरखा म्हणजे आकृती नव्हती; रोजचा हातचा व्यवहार होता. माझ्यासारखा माणूस इथे दोन्ही बाजूंनी मान हलवतो, जणू काही मीही दोन्हीकडून सारखाच दिसलो पाहिजे. पण एवढं दिसतं की चरखा गेला तरी ज्यांनी तो धरला होता ते गेले नव्हते, म्हणून नव्या चिन्हालाही किंमत आली.

सारायेव्होचं असंच. १९८४ ला तिथे हिवाळी ऑलिम्पिक झालं. चिन्ह म्हणजे एक हिमकण, पण तिथल्या बायका कापडावर भरतकाम करतात त्या वळणाचा. आठ वर्षांनी युद्ध आलं, शहराला वेढा पडला. जवळजवळ चार वर्षं. बर्फावरून घसरगाड्या सोडायची वाट तोफांची जागा झाली, आणि ज्या झेत्रा सभागृहात बर्फावर नाच झाले होते त्याच्या शेजारच्या मैदानात थडगी खणली. तरी तो हिमकण शहराने पुसून टाकला नाही. उलट आज तो तिथल्या लोकांना पूर्वीपेक्षा जवळचा आहे. काढणाऱ्याने तो काढला तेव्हा ते एक छान नक्षीकाम होतं. सही त्यावर लोकांनी नंतर केली.

आणि आपला शिव केशवन? हिमाचलच्या डोंगराळ रस्त्यांवर, घसरगाडीला चाकं लावून, ट्रकांच्या गर्दीतून सराव करणारा. १९९८ पासून सहा हिवाळी ऑलिम्पिक त्याने केली. २०१४ साली सोचीला तो उतरला तेव्हा आपली ऑलिम्पिक संघटना निलंबित होती. त्यामुळे त्याला तिरंगा घेता आला नाही, पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली खेळावं लागलं. त्याची शर्यत झाल्यावर दोन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, निलंबन उठलं. म्हणजे माणूस पूर्ण हजर, बर्फावर आडवा, आणि त्याची खूण टेबलावरच्या कागदात अडकलेली. आमच्या म्हातारीची जातभाई! 'मी इथंच आहो ना, मले पाय ना.'

योगायोग बघा, सोचीत खेळ चालू होते त्याच महिन्याच्या अखेरीला आपल्याकडेही बर्फ पडला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट महाराष्ट्रातला शेतकरी विसरणार नाही. विदर्भात, मराठवाड्यात, उभ्या गव्हा-हरभऱ्यावर, संत्र्याच्या बागांवर गारा पडल्या. वावरं पांढरी दिसत होती. पांढरं वावर म्हणजे आमच्याकडे कापूस, सुबत्ता. आणि इथे पांढरं म्हणजे सगळं गेलं. उद्या वडनेरच्या हिवाळ्याचं बोधचिन्ह काढायला कुणी मुंबईचा हुशार चित्रकार आला आणि त्याने सहा पाकळ्यांचा सुबक हिमकण काढला, तर आमच्या माणसाला त्यात खेळ दिसणार नाही, पंचनामा दिसेल. चित्र चुकलेलं नसेल. फक्त काढताना त्याच्या समोर कुणी उभं नसेल.

'समोर' हा शब्द इथे महत्त्वाचा. अंगठ्याच्या कागदावर अंगठा ज्याचा तो देतो, पण तेवढ्याने कागद पुरा होत नाही. त्याखाली दुसऱ्या कुणीतरी लिहावं लागतं, 'माझ्या समक्ष अंगठा केला', आणि सही करावी लागते. हा सही करणारा पैशांचा मालक नसतो. त्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. उद्या काही भानगड झाली तर मात्र त्याला बोलावतात. मला वाटतं, दुसऱ्यांसाठी खूण काढणाऱ्याची जागा हीच. मालकाची नाही, मुखत्याराचीही नाही, साक्षीदाराची. त्याने बर्फ जन्मात पाहिला नसेल तरी चालेल. पण ज्याचा तो बर्फ आहे त्याला समोर बसवावं, तो काय म्हणतो ते ऐकावं, मग खुशाल रेघ ओढावी आणि उद्या बोलावलं तर हजर राहावं. एवढं केलं की मग रेघ वेडीवाकडी आली तरी ती खोटी होत नाही. एवढं केलं नाही तर जगातलं सर्वांत देखणं चिन्हही आमच्या भाषेत फक्त एका शेऱ्याला पात्र ठरतं: 'सही जुळते, खातेदार गैरहजर'.

कन्येला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी मत दिलं ते चूक?" मी म्हटलं, "नाही. पण आता तू साक्षीदार झालीस. खेळ बघावे लागतील." ती म्हणाली, "बघीन की." सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि घराच्या रंगाचं काय?" घर त्यांचं, भिंती त्यांच्या समोर रोज उभ्या, आणि रंग मी ठरवलेला. आता आमच्या घराचा रंग बदलतो आहे. समक्ष.